पावसाळ्यात बोरॉन नायट्राइडचा एमिशन करंट बिघडतो तेव्हा: तपासणी कुठून सुरू करायची

एप्रिल-मेमध्ये बिनतक्रार चाललेला सेटअप जुलैत नखरे करू लागतो. पावडर तीच, फ्लक्स (ज्यात विरघळून स्फटिक वाढतात तो वितळलेला धातू) तोच, भट्टीचा प्रोग्राम तोच. तरी षटकोनी बोरॉन नायट्राइडचे स्फटिक बारीक आणि धुरकट निघतात, आणि फील्ड एमिशन, म्हणजे जोरदार विद्युत-क्षेत्रानं पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन ओढून काढणं, मोजायला बसलं की करंट उड्या मारतो. कधी टर्न-ऑन फील्ड (एमिशन सुरू व्हायला लागणारं क्षेत्र) एकदम निम्म्यावर येतं, सगळे खूश होतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच सॅम्पल हूं की चूं करत नाही. इंदूरला जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबर संपेपर्यंत ही तक्रार ठरलेली.

अशा वेळी पहिला हात जातो तो तापमानाच्या प्रोग्रामकडे. दहा अंश वाढवून बघू, थंड करायचा वेग कमी करून बघू. तो हात आवरा. फ्लक्समधून स्फटिक वाढवायच्या एका रनला तीन दिवस जातात, आणि दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. हे पाणी शिरायच्या वाटा चार: मोजमापाचं चेंबर, सॅम्पलची साठवण, मूस आणि पावडर, आणि गॅस. याच क्रमानं, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे, तपासत या. चेंबरची तपासणी दुपारभरात उरकते; भट्टी उघडणं सगळ्यात महाग, म्हणून ती शेवटी.

करंट नक्की स्फटिकातूनच येतोय का?

नेहमीची मांडणी धरू: कॅथोडचं क्षेत्रफळ ०.२५ चौरस सेमी, ॲनोडपर्यंतचं अंतर २५० मायक्रॉन, मध्ये स्पेसर. करंटची घनता दर चौरस सेमीला १० मायक्रोअँपिअर होते ते टर्न-ऑन फील्ड, ही प्रचलित व्याख्या घेतली तर आपल्याला गाठायचे आहेत २.५ मायक्रोअँपिअर. आता स्पेसर किंवा फीडथ्रूवर (चेंबरच्या भिंतीतून वीज आत नेणारा जोड) ओल आणि मळ बसून त्याचा रोध १ गिगाओहमवर उतरला असेल, तर २.५ किलोव्होल्टला बरोबर तेवढाच करंट त्या पृष्ठभागावरून सरपटत जातो. सॅम्पलनं एकही इलेक्ट्रॉन न सोडता वहीत ‘१० व्होल्ट प्रति मायक्रॉन’ असा देखणा आकडा पडतो. पावसाळ्यात ‘सुधारलेल्या’ कित्येक टर्न-ऑन फील्डचं रहस्य एवढंच.

हे ओळखायच्या चाचण्या सोप्या आहेत, पण केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली, ध्रुव उलटे करा. ॲनोड गुळगुळीत असेल तर उलट्या दिशेनं फील्ड एमिशन जवळपास शून्य व्हायला हवं. करंट तेवढाच राहिला, फक्त चिन्ह बदललं, तर ती गळती आहे. दुसरी, स्पेसर बदलून अंतर दुप्पट करा. खरं एमिशन फील्डवर चालतं, त्यामुळे तोच करंट मिळवायला साधारण दुप्पट व्होल्टेज लागेल. फीडथ्रूवरच्या गळतीला अंतराशी फारसं देणंघेणं नसतं. तिसरी, सॅम्पलच्या जागी पॉलिश केलेली स्टीलची चकती ठेवून तोच रॅम्प चालवा. चकतीवरही नॅनोअँपिअरच्या वर करंट दिसला तर त्या दिवशी मोजलेलं काहीच धरू नका.

चौथी चाचणी खास पावसाळ्यातली. फीडथ्रूचं सिरॅमिक चेंबरच्या बाहेरच्या बाजूला हवेत असतं आणि त्यावर धूळ व ओलीचा थर बसतो. उच्च व्होल्टेज बंद करा, अर्थिंग रॉडनं डिस्चार्ज करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सिरॅमिक पुसा, ते पूर्ण उडून गेलं की दोन मिनिटं हेअर ड्रायरची गरम हवा मारा आणि पुन्हा मोजा. करंट खाली आला तर दोष निर्वाताच्या आतला नाहीच. मग चेंबर उघडायची गरज नाही. सिरॅमिकभोवती पारदर्शक आवरण करून त्यात सिलिका जेलची पिशवी ठेवा.

आतला स्पेसर अभ्रकाचा असेल तर ॲल्युमिनाचा करा, चिमट्यानंच धरा आणि बसवण्याआधी १२० अंशांवर दोन तास भाजा. मीटरच्या रक्षणासाठी उच्च व्होल्टेजच्या वाटेत १ ते १० मेगाओहमचा रोध हवाच. २.५ मायक्रोअँपिअरला १० मेगाओहमवर २५ व्होल्ट पडतात, ते दुर्लक्षित करता येतात. पण ५० मायक्रोअँपिअरला ५०० व्होल्ट पडतात आणि ते वजा न करता आलेख काढला तर वरचं टोक खोटं वाकतं.

निर्वात: पंपाचा आकडा आणि पृष्ठभागाची अवस्था

करंट खरा आहे पण स्थिर नाही, अशी दुसरी जात. इथे अधिशोषित पाणी दोषी असतं. १० चा उणे ६ वा घात मिलीबारला स्वच्छ पृष्ठभागावर वायूचा एक रेण्वीय थर काही सेकंदांत बसू शकतो. उणे ८ ला तेवढ्यासाठी काही मिनिटं लागतात. न भाजलेल्या चेंबरमध्ये उरलेल्या वायूत पाण्याची वाफच सगळ्यात जास्त असते. म्हणून टर्बो पंप लावून उणे ६ आला की मोजायला बसणं म्हणजे पाण्याचंच मोजमाप.

चेंबर १५० अंशांवर २४ तास भाजा. विटॉनच्या ओ-रिंग असतील तर १५० च्या वर जाऊ नका. मग करंटचं कंडिशनिंग: फील्ड एकदम न चढवता ५०-५० व्होल्टच्या पायऱ्यांनी वाढवा आणि अपेक्षित करंटच्या साधारण दशांशावर दोन-तीन तास धरून ठेवा. सुरुवातीच्या उड्या हळूहळू बसतात. पायरीसारखी कायमची वरखाली होत राहिली तर टोक तुटतंय किंवा कण उडतोय असं समजा.

सगळ्यात जास्त हानी होते ती चेंबर उघडताना. हवा सोडून चेंबर उघडलं की जुलैतली हवा भिंतींवर पाण्याचे थर चढवते आणि पुढचा पूर्ण दिवस ते काढण्यात जातो. कोरड्या नायट्रोजननं दाब भरा, दार उघडं असताना नायट्रोजनचा बारीक प्रवाह चालूच ठेवा, आणि सॅम्पल बदलायचं काम दहा मिनिटांत संपेल अशी तयारी आधी टेबलावर करून घ्या. नायट्रोजन दमकोंडी करतो, त्यामुळे खोलीचं एक्झॉस्ट चालू हवं.

टर्बो पंप नेहमीपेक्षा गरम लागतोय? चिलर बघा. इंदुरात पुष्कळ ठिकाणी टाकीत नर्मदेचं आणि बोअरचं पाणी मिसळून येतं. बोअरचं पाणी जड असलं की चिलरच्या नळ्यांत क्षार धरतात आणि प्रवाह घटतो. चिलरमध्ये डीएम (क्षार काढलेलं) पाणीच घाला. हीच गोष्ट भट्टीच्या फ्लँजला लागू आहे: पाणी कमी पडलं की फ्लँज तापते, ओ-रिंग कडक होते आणि गळती सुरू होते. मग पुढच्या रनमध्ये स्फटिक बारीक निघाले तर दोष सगळे फ्लक्सला देतात.

भाजल्यानं पाणी जातं, ऑक्साइड जात नाही

या सगळ्या प्रकरणाचं मर्म बोरॉन ऑक्साइडमध्ये आहे. बोरॉन नायट्राइड स्वतः पाण्याला फारसं जुमानत नाही. पण पावडर, मूस किंवा स्फटिकाच्या कडा यांवर उरलेला ऑक्साइड पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीसारखा ओल ओढतो आणि त्याचं बोरिक ॲसिड होतं. सॅम्पल निर्वातात तापवलं की उलटा प्रवास सुरू होतो: १७० अंशांच्या आसपास मेटाबोरिक ॲसिड, ३०० च्या पुढे पुन्हा बोरॉन ऑक्साइड, आणि ४५० ला तो वितळून काचेसारखा पसरतो. पाणी गेलं, मोजमाप सुधारलं, सगळं छान. चेंबर उघडलं की तोच ऑक्साइड पुन्हा ओल पितो. ‘काल चालत होतं, आज नाही’ याचं उत्तर इथे आहे. ४५० च्या पुढे तापवलं असेल तर आणखी वाईट, कारण एमिशन जिथून व्हायचं त्या धारदार कडांवरच काचेचा थर बसलेला असतो.

इलाज तापवण्याआधीचा आहे: मिथेनॉल. बोरॉन ऑक्साइड आणि बोरिक ॲसिड मिथेनॉलमध्ये विरघळतात आणि तयार होणारं ट्रायमिथाइल बोरेट ६८ अंशांच्या आसपास उकळणारं, म्हणजे सहज उडून जाणारं असतं. स्फटिक ५० ते ५५ अंशांच्या निर्जल मिथेनॉलमध्ये वीस मिनिटं ठेवा, ओता, ताजं घाला, पुन्हा ठेवा. अल्ट्रासॉनिक लावू नका, पातळ स्फटिकांचे पापुद्रे सुटतात. पावडर असेल तर १० ग्रॅमला १०० मिलिलिटर मिथेनॉल, ढवळत एक तास, गाळून पुन्हा तेच. शेवटी निर्वात ओव्हनमध्ये १२० अंशांवर रात्रभर. बाटली उघडी राहून मिथेनॉलनं ओल ओढली असेल तर अर्धा परिणाम गेला; मॉलिक्युलर सीव्ह टाकून ठेवा. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, त्यामुळे फ्यूम हूड, हातमोजे, आणि गरम करायला उघडी ज्योत न वापरता पाण्याचं तापक.

धुणं पुरेसं झालं का, हे कळायची जुनी युक्ती अजून तितकीच चोख आहे. धुण्याचं दोन-तीन मिलिलिटर मिथेनॉल पोर्सिलेनच्या बशीत घ्या, हूडखाली, बाटली दूर ठेवून, आणि लांब काडीनं पेटवा. मिथेनॉल एरवी फिकट निळं, उजेडात जेमतेम दिसेल असं जळतं. बोरेट असेल तर ज्योतीच्या कडेला हिरवी झालर उमटते, आणि बशी कोरडी पडत आली की ती जास्त गडद होते. हूडचा दिवा बंद करून बघा. पहिल्या धुण्याला हिरवं दिसणारच. जिथे झालर दिसेनाशी होते तिथे थांबा. तांब्या-पितळेची भांडी किंवा चिमटा वापरू नका, तांबंही ज्योत हिरवी करतं. उच्च दाबात बेरियमच्या द्रावकातून वाढवलेले स्फटिक असतील तरीही सावध, बेरियमचा रंगही हिरवटच.

हाताशी रामन (लेसरनं पदार्थ ओळखायचा वर्णपटमापक) असेल तर काम आणखी पक्कं. षटकोनी बोरॉन नायट्राइडची मुख्य रेषा १३६६ प्रति सेमीला येते आणि नैसर्गिक बोरॉनच्या चांगल्या स्फटिकात तिची रुंदी ८ च्या आसपास असते. ती १० च्या पुढे गेली तर वाढच बिघडलेली आहे, धुण्यानं सुधारणार नाही. रेषा नीट आहे पण ८८० ला बारीक शिखर दिसतंय? बोरिक ॲसिड. ८०८ ला? काचरूप बोरॉन ऑक्साइड. लेसर स्फटिकाच्या मधोमध न धरता कडेवर आणि पायऱ्यांवर धरा, कारण ऑक्साइड तिथेच साठतो. मधोमध घेतलेला सुंदर स्पेक्ट्रम या बाबतीत काहीच सांगत नाही.

धुतलेलं सॅम्पल उघड्या पेट्री डिशमध्ये ठेवलं तर सगळं मुसळ केरात. डेसिकेटरमधलं निळं सिलिका जेल पावसाळ्यात पाहता पाहता गुलाबी होतं. ते १२० अंशांवर तीन तास भाजून परत निळं करून वापरा. डेसिकेटर रोज उघडत असाल तर मोजायच्या सॅम्पलसाठी वेगळी, नायट्रोजन भरलेली छोटी डबी करा.

इंदुरात असण्याचा एक फायदा इथे घ्यावा. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या २.५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर मृदू क्ष-किरण शोषणाची बीमलाइन आहे आणि तिच्या पल्ल्यात बोरॉनची के-कड (बोरॉनचे सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन क्ष-किरण शोषू लागतात ती ऊर्जा) येते. षटकोनी बोरॉन नायट्राइडचं तीक्ष्ण शिखर १९२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला असतं. बोरॉनभोवती तीन ऑक्सिजन असले की ते १९४ च्या आसपास दिसतं. या दोहोंच्या मध्ये, १९२.६ आणि १९३.३ च्या जवळ, जी उपशिखरं येतात ती नायट्रोजनच्या जागी एक किंवा दोन ऑक्सिजन बसल्याची खूण. फरक महत्त्वाचा: १९४ चं शिखर धुण्यानं जातं, मधली उपशिखरं जात नाहीत, कारण तो ऑक्सिजन वाढ होतानाच जाळीत शिरलेला असतो. मधली शिखरं दिसली की मगच भट्टीकडे वळा. एकूण इलेक्ट्रॉन यील्डनं, म्हणजे बाहेर पडणारे सगळे इलेक्ट्रॉन मोजून, शोषण काढताना जाड स्फटिक चार्ज होतो, म्हणून इंडियमच्या पत्र्यावर पातळ पापुद्रे दाबून न्या.

भट्टीची बाजू

वातावरणीय दाबाखाली धातूच्या फ्लक्समधून हे स्फटिक वाढवण्याची पद्धत जपानच्या त्सुकुबामधल्या संशोधकांनी २००७ मध्ये निकेल-मॉलिब्डेनम वापरून दाखवली. त्याआधी उत्तम स्फटिकांसाठी काही गिगापास्कल दाब लागायचा. आता निकेल-क्रोमियम वजनानं जवळपास निम्मे-निम्मे, किंवा शुद्ध लोखंड, हे फ्लक्स रुळले आहेत. निकेल बोरॉन विरघळवतं, क्रोमियम नायट्रोजनची विद्राव्यता वाढवतं. ठोकळ प्रोग्राम असा: मिनिटाला ३ अंशांनी १५५० पर्यंत, तिथे २४ तास, मग तासाला ४ अंशांनी १४५० पर्यंत, पुढे तासाला १०० अंशांनी खाली. बेरीज केली तर साडेआठ, चोवीस, पंचवीस आणि साडेचौदा, म्हणजे ७२ तास.

गोठलेल्या फ्लक्सचा गोट बाहेर काढल्यावर आधी डोळ्यांनी बघा, ती निम्मी तपासणी आहे. निकेल-क्रोमियमच्या गोटावर हिरवट खरखरीत साय दिसली तर ते क्रोमियम ऑक्साइड, म्हणजे भट्टीत ऑक्सिजन किंवा वाफ होती. भट्टीच्या नळीच्या थंड टोकाला पांढरा थर बसला असेल आणि तो पावसाळी हवेत चिकट होत असेल तर बोरॉन ऑक्साइड मुशीतून किंवा पावडरीतून उडालाय. स्फटिक पिवळसर-तपकिरी निघाले तर कार्बनवर संशय घ्या: ग्राफाइटची मूस, पंपाच्या तेलाची उलटी वाफ, किंवा तेलकट हात. कार्बनमुळे गॅपमध्ये (इलेक्ट्रॉनना एरवी मनाई असलेल्या ऊर्जेच्या पट्ट्यात) पातळ्या तयार होतात आणि ४.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ प्रकाशही दिसतो. गंमत म्हणजे अशा सॅम्पलचं एमिशन कधी कधी बरं येतं. ते पुन्हा तसंच वाढवता येणार नसेल तर त्या बरेपणाचा उपयोग नाही.

आता मूस. हॉट-प्रेस केलेल्या बोरॉन नायट्राइडच्या बऱ्याच मुशींमध्ये बोरॉन ऑक्साइडच बांधणीला वापरलेला असतो, त्यामुळे ती कपाटात बसल्या बसल्या पाणी पिते. वजन करून बघा. ओव्हनमध्ये १२० अंशांवर चार तास ठेवण्याआधी आणि नंतर वजनात ०.१ ग्रॅमचा फरक आला तर ते पाणी सुमारे ०.१९ ग्रॅम क्रोमियमचं ऑक्साइड करायला पुरेसं आहे. ओली मूस झपाट्यानं तापवली तर तडकतेसुद्धा. नवीन मूस आधी मिथेनॉलनं धुवा, सावकाश वाळवा आणि नायट्रोजनमध्ये १५०० पर्यंत एकदा रिकामीच चढवा. त्या रिकाम्या रनमध्ये नळीच्या टोकाला जो पांढरा थर जमतो तो पाहिला की हा खटाटोप कशासाठी ते कळतं. थर पुसूनच पुढचा रन लावा. पैसे असतील तर पायरोलिटिक मूस घ्या, तिच्यात बांधणीचं द्रव्य नसतं.

भरलेली नळी निर्वात करून नायट्रोजन भरायचं, असं तीनदा करायची पद्धत आहे. ती नळीतल्या हवेसाठी ठीक. भिंतीला आणि पावडरीला धरलेलं पाणी अशा पातळ करण्यानं निघत नाही, त्याला उष्णता लागते. म्हणून पंप चालू ठेवून १५० अंशांवर दोन तास आणि ३५० वर दोन तास थांबा, मगच नायट्रोजन भरून वर चला. एक सापळा आहे: १५५० च्या भट्टीत थर्मोकपल बी-टाइप असतो आणि तो १५० अंशांना ०.१ मिलिव्होल्टही भरत नाही. कंट्रोलर ‘१५०’ दाखवतोय म्हणून आत १५० आहे असं मानू नका. या टप्प्यासाठी नळीच्या बाहेर वेगळा के-टाइप लावा आणि १००० च्या आत काढून घ्या. भट्टी तापवणाऱ्या कांड्या मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या असतील तर ४०० ते ६०० या पट्ट्यात उगाच रेंगाळू नका, त्या तिथे भुसभुशीत होतात.

गळती मोजायची रीत: ६० मिलिमीटरची मीटरभर नळी म्हणजे साधारण अडीच लिटर. थंड असताना ०.०२ मिलीबारपर्यंत ओढा, व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला दाब लिहा. वाढ हळूहळू मंदावत गेली तर भिंतीचं पाणी सुटतंय. सरळ रेषेत चढत राहिली तर गळती. समजा ०.०२ चे दहा मिनिटांत ०.२० झाले: सेकंदाला सुमारे ०.०००७५ मिलीबार-लिटर, म्हणजेच मिनिटाला ०.०४४ घन सेमी हवा. कमी दाबाच्या सीव्हीडीत (वायूतून थर वाढवायच्या पद्धतीत) १०० एससीसीएम, म्हणजे मिनिटाला १०० प्रमाण घन सेमी, गॅस सोडत असाल तर त्यात ४४० पीपीएम हवा, पर्यायानं ९० पीपीएम ऑक्सिजन. तुम्ही ज्या पाच-नऊ (९९.९९९ टक्के) शुद्धतेच्या सिलिंडरचे पैसे मोजलेत त्यात सगळी अशुद्धी मिळून १० पीपीएम. वातावरणीय दाबाच्या फ्लक्स रनमध्ये हा हिशेब इतका कडक लागत नाही, कारण आतला दाब किंचित जास्त ठेवला की गळती बाहेरच्या दिशेनं होते. तिथे भीती बाहेर जाणाऱ्या टोकाकडून उलट विसरणाची. त्या टोकाला तेलाचा बबलर लावा. दाब निरपेक्ष गेजवर बघा: इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे वातावरणच साधारण ९५० मिलीबारचं. शोधनिबंधांत दिलेले ८५० टॉर म्हणजे इथे सुमारे १८० मिलीबारचा जादा दाब. नळीचे क्लॅम्प तो सहन करतात का ते आधी पाहा.

गळती शोधायला थंड भट्टीवर, आणि फक्त थंड भट्टीवर, जोडांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा. निर्वात मोजणारा पिरानी गेज उडी मारेल तो जोड गळका.

गॅसच्या वाटेत सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे निळी पॉलियुरेथेनची नळी. सियागंजात मीटरवर मिळते, पटकन बसते, आणि तिच्या भिंतीतून बाहेरची वाफ सतत आत झिरपते. सिलिकॉनची नळी त्याहून वाईट. दोन मीटर अशी नळी असेल तर महागडा गॅस भट्टीत पोचेपर्यंत ओलावलेला असतो, आणि गळती-चाचणीत हे पकडलं जात नाही. पाव इंची स्टेनलेसची किंवा निदान साफ केलेली तांब्याची नळी लावा, वाटेत ओल आणि ऑक्सिजन धरणारा फिल्टर बसवा. सिलिंडर तळाशी येतो तसं भिंतीवरचं पाणी गॅसमध्ये जास्त प्रमाणात उतरतं. १५ बारला सिलिंडर बदला, शेवटचा घोट पिऊ नका. ५ टक्के हायड्रोजनचं तयार मिश्रण ऑक्साइड कमी करायला उपयोगी पडतं. शुद्ध हायड्रोजन आणून स्वतः मिसळायच्या भानगडीत पडू नका.

पावसाळ्यात वीज जाते, आणि त्या २५ तासांच्या सावकाश थंड होण्यात दोन मिनिटांचा खंड पडला तरी नव्यानं बारीक केंद्रकं तयार होऊन स्फटिकांचा चुरा होतो. भट्टीला यूपीएस परवडत नाही. निदान कंट्रोलरची वीज परतल्यावरची सेटिंग बघा: ‘रीसेट’वर असेल तर प्रोग्राम पहिल्या पायरीपासून सुरू होतो आणि तीन दिवसांचं काम मातीत. ती ‘प्रत्यक्ष तापमानापासून पुढे’ अशी ठेवा, कंट्रोलरला एकट्याला छोटा यूपीएस द्या आणि वीज गेल्याची वेळ नोंदली जाईल अशी व्यवस्था करा. त्या रनचे स्फटिक एमिशनसाठी वेगळे ठेवा.

तांब्याच्या पत्र्यावर अमोनिया बोरेन वापरून पातळ थर वाढवणाऱ्यांसाठी वरचं बहुतेक तसंच लागू. जादा एवढंच की अमोनिया बोरेन तापल्यावर फुगतं आणि त्याचा पांढरा अवशेष थंड नळीत अडकतो. स्रोतापासून भट्टीपर्यंतची नळी हीटिंग टेपनं गरम ठेवा आणि दर काही रननंतर उघडून साफ करा.

सगळं कोरडं आहे, तरी करंट नाही

मग प्रश्न इलेक्ट्रॉनच्या पुरवठ्याचा आहे. या पदार्थाचा गॅप जवळपास ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. चालनपट्ट्याचा तळ निर्वाताच्या पातळीजवळ, काही पृष्ठभागांवर तिच्याही वर असल्याचं दिसलं आहे. म्हणजे बाहेर पडणं सोपं, पण त्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन आणून सोडणार कोण? फ्लक्समधून निघालेला ३० मायक्रॉनचा स्फटिक मागून चांदीच्या पेस्टनं चिकटवला तर तो एक कपॅसिटर आहे. खूण ठरलेली: व्होल्टेज लावताच करंट दिसतो, काही सेकंदांत ओसरतो, बंद करून दहा मिनिटांनी लावलं की पुन्हा थोडा दिसतो.

स्फटिक टेपनं सोलून काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे करा आणि कमी रोधाच्या एन-टाइप सिलिकॉनवर किंवा मॉलिब्डेनमवर उतरवा. सिलिकॉनचा नैसर्गिक ऑक्साइड हायड्रोफ्लोरिक ॲसिडनं काढायचा असेल तर त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच काढा आणि लगेच पापुद्रे बसवा. थरांच्या आरपार या पदार्थाचं विद्युत-भंजन नॅनोमीटरला सुमारे १ व्होल्टवर होतं, तेवढं लक्षात ठेवून फील्ड चढवा. कार्बन टेप वापरू नका. तो वायू सोडतो आणि त्याच्या कडेचे तंतू स्वतःच एमिट करतात. चांदीच्या पेस्टच्या कडाही तेच करतात, म्हणून पेस्ट पापुद्र्यापासून दूर ठेवा, १५० अंशांवर तासभर भाजा, आणि ॲनोड म्हणून एकदा तरी फॉस्फरचा पडदा लावा. ठिपके सॅम्पलच्या परिघावर गोल उमटले तर ते स्फटिकाचं एमिशन नाही.

फाउलर-नॉर्डहाइम आलेखात (फील्डच्या व्यस्तासमोर करंट भागिले फील्डचा वर्ग याचा लॉग) वारंवार होणारी गफलत लॉगची आहे. उतार नैसर्गिक लॉगचा हवा. कार्यफल (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरलं आणि फील्ड व्होल्ट प्रति मायक्रॉनमध्ये घेतलं, तर उतार, चिन्ह सोडून, म्हणजे सुमारे १,००,००० भागिले बीटा; बीटा म्हणजे टोकाशी फील्ड किती पट वाढतं तो आकडा. उतार उणे १०० आला तर बीटा १०००. दहाच्या पायाचा लॉग घेऊन आलेला उणे ४३ त्याच सूत्रात टाकला की बीटा २३०० निघतो. सपाट पापुद्र्याला बीटा दहा हजारांच्या घरात आला तर आलेख बाजूला ठेवून ध्रुव उलटे करायची चाचणी पुन्हा करा. रेषेला दोन उतार असतील तर कमी फील्डचा भाग बहुधा अधिशोषित रेणूंचा आणि जास्त फील्डचा बाक पुरवठ्याच्या रोधाचा असतो. कंडिशनिंगनंतर, फील्ड चढवताना आणि उतरवताना दोन्ही वेळा घेतलेल्या आणि एकमेकांवर बसणाऱ्या मोजमापांवरूनच उतार काढा, आणि त्या शेजारी चेंबरचा दाब, खोलीतली आर्द्रता आणि शेवटचं मिथेनॉल-धुणं झाल्याची तारीख लिहा.